एक चूल, चार गावं

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला गेलेली मुलं हॉस्टेल सोडून फ्लॅट घेतात, यात सांगलीच्या विश्रामबागेत कुणाला नवल वाटत नाही. घरच्यांना वाटतं, पोरांना मोकळीक हवी असते. आम्हाला स्वयंपाकघर हवं होतं. दोन वर्षं मेसचं खाऊन जीव विटला होता आणि चौघांच्याही घरून येताना पिशव्या भरून येत. मी कोरेगावचा, त्यामुळे वाघ्या घेवडा माझा. एक जतचा, त्याच्याकडे घरचा शाळू. एक माणातला, त्याच्या आईची कांदा-लसूण चटणी. चौथा नांदेडकडचा, तो येसर आणायचा. शिजवायला जागा नव्हती, एवढंच.

२०१८ च्या पावसाळ्यात आम्ही घरं बघायला लागलो. भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ हे सगळं नंतर; आधी प्रश्न यायचा, ‘आडनाव काय?’ माझं आडनाव चालायचं, जतच्याचं चालायचं. माणातल्यानं आपलं सांगितलं की समोरचा माणूस जरा थांबायचा आणि म्हणायचा, ‘घरात विचारून फोन करतो.’ फोन यायचा नाही. अशाच एका घरातून खाली उतरल्यावर तो शांतपणे म्हणाला, ‘तुम्ही तिघं घ्या लगा, मी हॉस्टेललाच राहतो.’ जतवाला भडकलाच, ‘गप बस. चौघं म्हणजे चौघं.’ त्या दिवसाआधी हा प्रश्न माझ्या कानावर कधी आदळलाच नव्हता. ज्याचं आडनाव चालतं त्याला तो ऐकू येत नाही.

शेवटी एका निवृत्त शिक्षिकेनं घर दिलं. बाईंनी आडनावं विचारली ती करारनाम्यावर लिहिण्यापुरती. अटी दोन: भाडं पाच तारखेच्या आत आणि मोरी स्वच्छ. जाता जाता म्हणाल्या, ‘अंड्याची टरफलं फेकू नका रे, माझ्या गुलाबांना घाला.’ त्या एका वाक्यानं आम्ही घरात आल्यासारखे झालो.

भाकरी करायला आम्हाला माणातल्यानं शिकवलं. पीठ कोमट पाण्यात भिजवायचं आणि तळहाताच्या टाचेनं रगडत राहायचं, चिरा पडायच्या थांबेपर्यंत. परातीत पीठ भुरभुरून गोळा ठेवायचा, बोटं सरळ ठेवून थापत फिरवायचा. कडेला जोर जास्त, मधे कमी. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात, ते सुकतंय तोवर उलटायची आणि मग थेट जाळावर. आमच्या भाकऱ्यांचे बरेच दिवस नकाशेच होत होते. तो मात्र कुणाचीही भाकरी बाजूला सारायचा नाही, आधी तीच खायचा.

ते बघून मला आजोबा आठवायचे. ते सातारच्या शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’त शिकलेले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ते कॉलेज १९४७ साली काढलं. दिवसा शेतात खोरं चालवायचं आणि पंगतीला कोण शेजारी बसलंय ते बघायचं नाही, असं आजोबा सांगायचे. या सगळ्याची सुरुवात त्याच्याही आधीची. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातीधर्मांच्या मुलांचं वसतिगृह. १९२७ मध्ये गांधीजी तिथं आले, त्यांच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं. पण मला मोठी वाटते ती भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची गोष्ट. सोवळंओवळं कडक पाळणाऱ्या घरातली ही बाई सगळ्या जातींच्या पोरांना रांधून वाढू लागली आणि धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, त्या पोरांसाठी गेलं. रयतच्या शाळेत शिकताना हे मी भाषणांतून कितीदा ऐकलं होतं. आडनावाच्या त्या प्रश्नानंतर ते मला पहिल्यांदा नीट कळलं. एका छपराखाली झोपायला लोक तयार होतात. एका भांड्यातलं खायची वेळ आली की खरं काय ते दिसतं, आणि भाऊरावांनी नेमका तिथंच हात घातला होता.

आम्ही फ्लॅटवर राहायला गेलो त्या वर्षी जत आणि माणात दुष्काळ होता. उन्हाळ्यात माणात चारा छावण्या लागल्या, दोघांच्या घरून पैसे येईनात. हिशोबाची वही नांदेडवाल्याकडे असायची. त्यानं काही न बोलता भाड्याच्या रकान्यात त्या दोघांच्या नावापुढं ‘शाळू’, ‘चटणी’ असं लिहिलं आणि उरलेली रक्कम आमच्या दोघांत वाटली. त्यावर चर्चा झाली नाही. पुढं इंटर्नशिपचे पैसे आले तेव्हा जतवाल्यानं आपणहून सिलिंडर भरून आणला.

आणि मग ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभाग, हरभट रोड, मारुती चौक पाण्याखाली. विश्रामबाग नदीपासून लांब म्हणून कोरडी राहिली. पहिल्या दोन वर्षांत मेसमध्ये आम्हाला वाढणाऱ्या मावशी शामरावनगरात राहायच्या; त्या नवरा, सासू आणि दोन मुलांसह आमच्याकडे आल्या. घरमालकीण बाईंनी खालची खोली उघडून दिली. नळाला पाणी नाही, दूध मिळेना, पण पिंपात शाळूचं पीठ होतं. मावशी भाकरी करायला उठल्या, तेव्हा माणातला म्हणाला, ‘मावशी, तुम्ही बसा. दोन वर्षं तुम्हीच घातलंय की.’ सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि विचारलं, ‘कुणी केली रं ही?’ त्यानं हात वर केला. ‘झकास झालीया बाबा,’ म्हातारी म्हणाली आणि दुसरी मागून घेतली.

त्याच आठवड्यात जतवाल्याला घरून फोन आला होता, गावात अजून टँकरच चालू आहे. एकाच जिल्ह्यात पूर आणि टँकर. तो बराच वेळ पाणी ओसरायची वाट बघणाऱ्या माणसांबरोबर रस्त्याच्या कडेला उभा होता, मग मदतीच्या गाडीतली पोती उतरवायला लागला.

आडनावाचा तो प्रश्न पुढच्या मुलांना टाळता येईल. काही ठिकाणी विद्यापीठं वरच्या वर्षांच्या मुलांसाठी फ्लॅटवजा वसतिगृहं बांधतात, त्यात स्वयंपाकघरही असतं. सांगली-साताऱ्यातल्या कॉलेजांनीही बांधावीत. नाही जमलं, तर निदान गावातले फ्लॅट कॉलेजनं स्वतःच्या नावावर भाड्यानं घ्यावेत आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना चालवायला द्यावेत. करारनाम्यावर कॉलेजचं नाव असलं की घरमालकाला मुलांची आडनावं विचारायचं कारणच उरणार नाही. कोणत्या खोलीत कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं. मेसची सक्ती नसावी. आणि दर फ्लॅटला एक मोठी परात कॉलेजनंच द्यावी. ती विकत घ्यायला आमच्याकडे पहिल्या महिन्यात पैसे उरले नव्हते.