पंचमाखालची जमीन

नांदूरघाटच्या घरी वडिलांची जुनी हातपेटी आहे. भजनी मंडळात ते ती वाजवीत. ते गेल्यानंतरच्या दिवाळीत आम्ही उभयतांनी तिच्यावर शोपँची एक रचना वाजवून पाहण्याचे धाडस केले आणि पहिल्याच प्रयत्नात फसलो. रचना अवघड होती म्हणून नव्हे. उलट, हाताला काही लागेचना.

१८३९ साली प्रसिद्ध झालेल्या चोवीस प्रेल्यूड्सपैकी हे चौथे, ई मायनरमधले. जेमतेम दोन मिनिटांचे. प्रेल्यूड म्हणजे कीर्तनातला पूर्वरंगच म्हणा. बाखने प्रेल्यूडमागे फ्यूग ठेवून उत्तररंगाची सोय केली होती. शोपँने ती ठेवली नाही. पूर्वरंग संपतो आणि बुवा उठून जातात.

उजव्या हाताची चाल पाहावी तर, ई हा षड्ज धरल्यास, पंचम, कोमल धैवत, पुन्हा पंचम. आसावरीशी परिचय असलेला कान येथे विस्ताराची वाट पाहतो. तो येत नाही. स्वर तिथेच घुटमळतो, नाइलाजाने एखादी पायरी उतरतो. सारे घडते ते डाव्या हातात. तेथे एकसारखे ठोके पडत असतात. तीन-तीन स्वरांचे संघ, आणि त्यांतला कधी हा, कधी तो स्वर अर्ध्या सुराने खाली सरकतो. आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज अढळ, आणि गाणारा फिरून त्याच्यापाशी येतो. इथे वरचा स्वर जागचा हलत नाही नि त्याच्या पायाखालची जमीन खचत जाते. पंचम तोच, पण दर ठोक्याला त्याचा अर्थ निराळा. याला 'करुण रस' म्हणून मोकळे होणे (वर्गात आम्हीही ते करतो) म्हणजे न ऐकणेच.

वडील गेले तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई एकच वाक्य सांगे, "सकाळी चहा घेतला, अन् बसल्या जागी गेले." आवाजही तोच. आम्हांला ते पाठ केल्यासारखे वाटे. खरे तर रागही आला होता. दरम्यान बाज अंगणात गेली, औषधाच्या बाटल्या गेल्या, चपला कुणीतरी उचलून ठेवल्या. वाक्य तेच. दहाव्याला कावळा शिवेना तेव्हा एकदाच तिचा आवाज चढला. शोपँची चालही उत्तरार्धात एकदाच उसळते, आणि लगेच विझत जाते.

हातपेटी वाजवताना डावा हात भात्यावर असतो. म्हणजे आम्ही केवळ वरचे वाक्य वाजवीत होतो. खालचे घर आमच्या हाती नव्हतेच. मग एकाने भाता धरला, दुसऱ्याने दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले. १८४९ साली शोपँच्याच अंत्यविधीत, पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये, हे प्रेल्यूड ऑर्गनवर वाजवले गेले होते. तेव्हा हवेच्या वाद्यावर ते आणण्याचा अपराध काही आमचा पहिला नव्हे.

शेवटाकडे एक विराम आहे. तो किती लांबवायचा हे वाजवणाऱ्यावर. त्यानंतर तीन संथ, अगदी हलके स्वरसंघ, आणि त्यांतल्या शेवटच्यात मूळ संघ प्रथमच षड्जावर पाय रोवून उभा राहतो.

विरामापाशी हात उचलला तेव्हा स्वयंपाकघरातून आईने विचारले, "झालं का?"

"तीन राहिलेत," आम्ही म्हणालो, आणि भाता पुन्हा हलला.