तीन फुटी दार

संपादकांचा फोन आला तो आषाढी एकादशीच्या दिवशी. वाळूजच्या छोट्या पंढरपुरात दर्शनाची रांग लागली होती, नगर रस्ता माणसांनी भरून गेला होता आणि मी बजाजनगरातल्या माझ्या दवाखान्यात एका प्रेस ऑपरेटरच्या बोटांसाठी स्प्लिंट कापत बसले होते. "जखमी सैनिकांना खास घरं बांधून देणाऱ्या संस्थांवर लिहा, तुम्ही त्यात काम केलंय," ते म्हणाले. "वाचून लोकांना उभारी येईल असं होऊ द्या." मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि डोळ्यांपुढे आलं ते मी स्वतः आखून दिलेलं एक घर. त्या घरात दोन वर्षं कुणी राहत नाही.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात, त्यामुळे मी नोकरी-धंदा मिळवून देते असं पुष्कळांना वाटतं. आजारानं किंवा अपघातानं शरीर बदललेल्या माणसाला अंघोळ, कपडे, जेवण, काम हे सगळं पुन्हा करता यावं, यासाठी शरीराला जे शिकवावं लागतं आणि भोवतीच्या वस्तूंमध्ये जे फेरफार करावे लागतात, ते माझं काम. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि वाळूजला आले, कारण इथं पॉवर प्रेसमध्ये बोटं जाणारे कामगार होते. मणक्याचे रुग्ण त्या मानानं थोडे. पण बोटांचा रुग्ण सहा महिन्यांत जातो, मणक्याचा आयुष्यभर आपला राहतो.

त्यांतलेच एक ‘मेजर’. आपल्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक जण गल्लीत मेजरच असतो. हे हवालदार होते. डोंगरातल्या रस्त्यावर लष्कराचा ट्रक दरीत गेला आणि छातीचा चौथा मणका मोडला. खालच्या अंगाची हालचाल गेली, संवेदना गेली. हात शाबूत. आधी लष्करी रुग्णालय, मग खडकी.

खडकीचं नाव मराठी वाचकाला दारूगोळा कारखान्यामुळे माहीत असतं. जखमी सैनिकांसाठी त्याचा अर्थ वेगळा आहे. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या सैनिकांना हातचं काम शिकवण्यासाठी 1917 साली मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीला आली. पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून आहे. आणि 1965 व 1971 च्या युद्धांनंतर, मणका तुटलेल्या जवानांनी रुग्णालयातून जायचं कुठं, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा 1974 मध्ये खडकीतच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू झालं. ते न्यास म्हणून चालतं. केंद्रीय सैनिक मंडळाची मदत असते, बाकी देणग्या. 1978 मध्ये मोहालीला दुसरं केंद्र झालं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात जखमी झाले, 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले, त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्यावर चित्रपट आल्यापासून लोक मला विचारतात, "तुमचे मेजर पोहत का नाहीत?" पोहण्याच्या आधी पलंगावरून खुर्चीत यावं लागतं, खुर्चीतून न्हाणीत जावं लागतं. माझं काम तेवढ्या अंतरातलं आहे.

खडकीचं केंद्र मी पाहिलं आहे. तिथं पहिल्यांदा जाणवतं ते हे, की चाकाची खुर्ची कुठंच अडत नाही. तिथले लोक व्हीलचेअर बास्केटबॉल खेळतात, तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात. मेजर तिथून परतले तेव्हा त्यांना खुर्ची, गादी, लघवीची नळी, त्वचेची काळजी सगळं येत होतं. येत नव्हतं ते एवढंच, की आपल्या घराच्या सव्वादोन फुटी दारातून पंचवीस इंची खुर्ची कशी न्यायची. खुर्ची मावते, पण चाकाच्या कड्यावरचे हात सोलतात.

त्यांच्यासाठी घर बांधून देणारे दाते पुढे आले. नाव सांगत नाही, त्यांचा हेतू स्वच्छ होता. पहिल्या बैठकीत मला विचारलं गेलं, "कुठल्या लढाईत?" मी ट्रकचं सांगितलं. खोलीत जराशी शांतता पसरली. एकानं विचारलं, "मग फलकावर काय लिहायचं?" मला याचा फार राग येतो आणि तो मी इथं लपवणार नाही. कर्तव्यावर मणका मोडला तर तो गोळीनं मोडला की ट्रक पडून, यानं बेडसोर होण्याच्या वेगात काही फरक पडत नाही. लष्करानं 2018 हे वर्ष अपंग सैनिकांचं म्हणून पाळलं, ते ‘कर्तव्य बजावताना’ अपंगत्व आलेल्यांसाठी. त्यात लढाईची अट नव्हती. दात्यांच्या मनात मात्र ती असते. शेवटी घर मंजूर झालं. जागा जालना जिल्ह्यातल्या त्यांच्या गावची, वडिलोपार्जित.

आता थोडं गणित; वाचकांनी सहन करावं. उताराचा नियम एकास बाराचा. म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. आपल्याकडे जोतं दीड फुटाचं असतं, म्हणजे अठरा फुटांचा उतार आणि वर दारापाशी खुर्ची थांबायला पाच फूट सपाट जागा. हे ऐकलं की प्रत्येक मिस्त्री मला म्हणतो, "मॅडम, मोटारसायकल तर सहा फुटांत चढते." मोटारसायकलला इंजिन असतं. माणूस आणि खुर्ची मिळून नव्वद किलो धरा. एकास बारावर ती वर ढकलायला सुमारे साडेसात किलोचा जोर लागतो, एकास सहावर पंधरा किलोचा. हा जोर दोन खांद्यांतून यायचा. मेजरांच्या पोटाचे आणि पाठीचे स्नायू चालत नाहीत, त्यामुळे पुढं झुकून वजन टाकता येत नाही; तीव्र चढावर खुर्ची मागं उलटते. आणि खांदे हेच आता त्यांचे पाय. वर्षानुवर्षं चाक ढकलून खांद्याचे स्नायुबंध झिजतात, आणि खांदा गेला की पलंगावरून खुर्चीत जाणंही बंद. म्हणून मी एकास बारासाठी भांडते. त्यावरून दोन ठेकेदारांशी माझं बोलणं कायमचं बंद झालं आहे.

गावच्या घरात मला हवं ते सगळं मिळालं. अठरा फुटांचा उतार, दोन्ही बाजूंना कठडा. तीन फुटी दारं. खुर्ची वळायला पाच फुटांचं मोकळं वर्तुळ, स्वयंपाकघरातसुद्धा. ओट्याखाली गुडघे जातील अशी पोकळी. न्हाणीला उंबरा नाही. फरशीचा ढाळ आतल्या नहाणी ट्रॅपकडे आणि दारात आडवी जाळी. गरम पाण्याचे पाइप भिंतीत, कारण पायाला चटका लागला तरी त्यांना कळणार नाही. बादलीतलं पाणी पायावर घेण्याआधी मनगटावर घ्यायचं, हे त्यांच्या पत्नीला मी दहादा सांगितलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत नीट घर. किल्ली देण्याच्या दिवशी मेजर एकटे उतार चढून आत गेले, कुणी हात लावला नाही. मी रडले.

अकरा महिन्यांनी ते बजाजनगरात परत आले.

का, ते मला त्यांच्या पत्नीनं सांगितलं. बेडसोर होऊ नये म्हणून हवेची गादी असते. तिचे कप्पे आळीपाळीनं फुगतात, म्हणजे एकाच जागी दाब राहत नाही. ती विजेवर चालते. गावात रात्रीची वीज जायची आणि गादी बसायची. इन्व्हर्टर चार्ज व्हायला तरी वीज हवी. मग ही बाई दर दोन तासांनी गजर लावून उठायची आणि नवऱ्याची कूस बदलायची. दुसरं, ऊन. मणका इतक्या वर तुटला की त्याखालच्या अंगाला घाम येत नाही, शरीराला स्वतःला थंड करता येत नाही. मे महिन्यात नव्या स्लॅबखाली मेजरांना ताप चढायचा, जंतुसंसर्ग नसतानाही. ओल्या चादरी गुंडाळायच्या तर पाणी टँकरचं. एका रात्री नळी तुंबली, मूत्राशय भरलं आणि रक्तदाब भयंकर वाढला, डोकं फुटेल असं दुखू लागलं. छातीच्या सहाव्या मणक्याशी किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांना हे होऊ शकतं, डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. नळी मोकळी केली नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. तालुका वीस किलोमीटर. गाडी मिळायला दीड तास लागला.

घर आखताना मी दारं मोजली, उतार मोजला, ओटा मोजला. वीज किती तास असते, हे मी विचारलं नाही. घाटी रुग्णालयापासून किती लांब, हेही नाही. हा प्रश्न माझाच होता. दात्यांना तो कळणं अवघड, मला कळायला हवा होता.

परदेशातलं उदाहरण आपल्याकडे लगेच दिलं जातं म्हणून सांगते. अमेरिकेत होम्स फॉर अवर ट्रूप्स ही संस्था 2004 पासून गंभीर जखमी सैनिकांना अशी घरं बांधून देते, कर्जाशिवाय. त्यांचे फोटो दाते मला पाठवतात: खाली ओढता येणारी कपाटं, बटणावर उघडणारी दारं. पण आपलं घर कुठल्या गावात हवं, हे तिथं तो सैनिक ठरवतो, ही गोष्ट फोटोत दिसत नाही. तिथल्या सरकारचं 1948 पासूनचं अनुदान नवं घर बांधायला मिळतं, तसंच राहत्या घरात फेरफार करायलाही मिळतं. लंडनमध्ये ऑस्वाल्ड स्टोल या नाटकगृहांच्या मालकानं 1916 साली अपंग सैनिकांसाठी संस्था काढली आणि घरं बांधली ती फुलहॅममध्ये, शहराच्या वस्तीत. आपल्याकडे मात्र ‘घर द्यायचं’ म्हटलं की नवं, सुटं, चार बाजूंनी फोटो काढता येईल असं, आणि सैनिकाच्या गावातच. राहत्या भाड्याच्या घराची न्हाणी फोडून द्यायला मी चार ठिकाणी पैसे मागितले. भाड्याच्या घराला कुणी देत नाही.

मेजरांनी बजाजनगर का निवडलं, हे समजायला इथं राहावं लागतं. पाणी एमआयडीसीचं, ते येतं. वीज गेली तरी लवकर येते. रात्री दोन वाजता रिक्षा मिळते, कारण कुठली ना कुठली पाळी सुटत असते. मोठी मुलगी इथल्या शाळेत, पत्नीला कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्यांचं काम. शंभर टक्के अपंगत्व असलेल्या सैनिकाला मदतनिसासाठी वेगळा भत्ता असतो. घरात मदतनीस तीच. गावात ती सासरची सून होती, इथं तिला दोन मैत्रिणी आहेत.

घर मात्र अरुंद, रो हाउस, भाड्याचं. पुढं पाच फूट जागा आणि जोतं नऊ इंच. एकास बारासाठी नऊ फूट हवेत. वाळूजच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून चेकर प्लेटचा काढता-घालता येणारा उतार करून घेतला, त्यानं मजुरी घेतली नाही. त्याचं प्रमाण एकास सातच्याही वर जातं. चढताना कुणाला तरी मागून ढकलावं लागतं, उतरताना खुर्ची उलटी घ्यावी लागते. दुपारी पत्रा इतका तापतो की त्यावर गोणपाट टाकून ठेवतात. ज्यावरून मी ठेकेदारांशी वैर घेतलं, तो नियम मी स्वतः मोडला. गावात मेजर एकटे बाहेर पडू शकत होते, पण उताराच्या खाली जायला काही नव्हतं. इथं त्यांना धक्का लागतो, आणि संध्याकाळी पाळीवरून येणारी पोरं न सांगता तो देऊन मोहटादेवीच्या मंदिरापर्यंत नेतात. यांतलं जास्त स्वावलंबन कुठलं, हे मला पंचवीस वर्षांच्या अनुभवानंतर ठामपणे सांगता येत नाही. विद्यार्थ्यांना मी अजूनही एकास बाराच शिकवते.

गावच्या घरात दिरानं कापूस भरला आहे. दारं रुंद आहेत, गाठोडी सरळ आत जातात. मेजरांना त्याचं वाईट वाटत नाही, मला वाटतं.

आता अडलंय ते न्हाणीच्या उंबऱ्यावर. चार इंचांचा दगडी उंबरा आहे, म्हणून अंघोळ अजून बाहेरच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या कागदावर, पडदा लावून होते. मोठी मुलगी आता तेरा वर्षांची आहे. अंघोळीच्या वेळी ती शेजारी जाऊन बसते. घरमालकांना पाणी बाहेर येईल याची भीती. मी त्यांना जाळीची आणि ढाळाची आकृती काढून दाखवली, फरशीवर तांब्याभर पाणी ओतून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, गौरी येऊन जाऊ द्या. घरात फोडाफोडी नको. मग करा." खर्च त्यांनी विचारला नाही, तो मी आणि फॅब्रिकेशनवाले वाटून घेणार आहोत.

गौरी येऊन गेल्या. मिस्त्री ठरला आहे. शेजारचे दोघं सध्या नाईटला आहेत, दिवसा झोपतात. त्यांची पाळी सोमवारी बदलते. ब्रेकर त्या दिवशी दहानंतर लावायचा.