पदवी नसली तरी

बहिणीचा मुलगा आयटीआय झालेला टर्नर आहे, रिछाईच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका लहान कारखान्यात लेथवर. मीही तिथूनच निघालो. सहा वर्षं लेथ, मग जबलपुरातच एका सब-ब्रोकरकडे डीलर, पुढे त्यांच्या पैशांवर सौदे करणारा जॉबर. बी.कॉम. नाही, एमबीए तर नाहीच. म्हणून "मामा, डिग्रीशिवाय जमेल ना?" हा प्रश्न माझ्याकडेच येतो.

जमतं. ब्रोकरकडे बसून गिऱ्हाइकांचे फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे टाकायला एनआयएसएमची परीक्षा लागते. गुण 100, वेळ दोन तास, पास व्हायला 60, आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. बसायला पदवीची अट नाही. स्वतःचेच पैसे लावायचे असतील तर तेवढीही परीक्षा नको.

दार इतकं सताड उघडं आहे, हीच माझी काळजी. सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये तीन आर्थिक वर्षांचा हिशेब मांडला. फ्युचर्स-ऑप्शन्समधले 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात, तोटा सरासरी दोन लाखांच्या आसपास. 2023-24 मध्ये यातले 43 टक्के तिशीच्या आतले होते. मोठ्या तीस शहरांबाहेरचे तर 72 टक्क्यांहून जास्त. म्हणजे आमच्याच गल्लीतली पोरं. आणि समोर मोठ्या संस्थांची अल्गोरिदम.

भाच्याला टक्केवारी पटली नाही. (ते सात टक्के आपणच, असं प्रत्येकाला वाटतं.) मग लेथची भाषा काढली. शाफ्टचा व्यास जास्त राहिला तर पुन्हा कापता येतो; एकदा मापाखाली गेला की तो तुकडा भंगारात. लाखाचे पन्नास हजार झाले, तर परत लाखावर यायला पन्नास नाही, शंभर टक्के कमवावे लागतात. हे त्याला तत्काळ कळलं.

जॉबर असताना ऑफिसात रिस्क सांभाळणारे एक काका होते. दिवसाचा तोटा ठरलेल्या आकड्याला टेकला की माझं टर्मिनल बंद. बाजार आता फिरणार, असं मी पोटतिडकीनं सांगायचो, आणि कधी कधी तो खरंच फिरायचा. तरी बंद. मला पदवीची उणीव कधी भासली नाही. ते काका नसते तर मात्र मी टिकलो नसतो. शिकागोच्या रिचर्ड डेनिसनं 1983 साली वर्तमानपत्रात जाहिरात देऊन नाना धंद्यांतली माणसं निवडली, त्यांना दोन आठवडे शिकवलं. लोक ती गोष्ट 'कुणीही ट्रेडर होऊ शकतो' म्हणून सांगतात. पैसे डेनिसचे होते आणि एका सौद्यावर किती लावायचे याचे नियमही त्याचेच, एवढं मात्र गाळतात. घरी मोबाइलवर सौदे करणाऱ्या पोराचं टर्मिनल कोण बंद करणार?

म्हणून म्हटलं, आधी परीक्षा दे, कुणाच्या तरी हाताखाली बस. पुस्तक त्यानं आणलंय; रात्रपाळीहून आल्यावर वाचतो. डीलरचा सुरुवातीचा पगार त्याच्या ओव्हरटाइमसकट पगाराहून कमी असतो, हे ऐकून मात्र गप्प झाला. ताईनं पोस्टात ठेवलेल्या दीड लाखांचा विषय त्यानं महिन्यापूर्वी काढला होता. त्यावर अजून काही बोललेला नाही.