मनीच्या मरणाचं साल

भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’बद्दल माझं एक मत फार वर्षं पक्कं होतं. ही कादंबरी काळाबाहेर काढूनच वाचावी, असं मी हिरिरीनं मांडत आलो. तिच्या नायकाचं, पांडुरंग सांगवीकरचं, एकटेपण कुठल्याही मुलाचं आहे, त्याला काळाची चौकट लावली की तो लहान होतो, असं वाटायचं. सॅलिंजरचा होल्डन, कामूचा मर्सो यांच्या पंगतीला त्याला बसवताना अभिमान वाटायचा. शिवाय इतिहास नावाच्या उद्योगाची नेमाड्यांनी कादंबरीतच मनसोक्त टिंगल केलेली. आणखी काय पुरावा हवा?

आज ते मत माझं राहिलेलं नाही. ते हललं मनीपाशी.

पांडुरंगाची ही धाकटी बहीण देवीनं जाते. त्या पानांवर मी नेहमी नुसता मृत्यू वाचत होतो, माणसाच्या नशिबी असतो तसा. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीनं मला सरळ विचारलं, ‘तिला लस नव्हती का टोचली?’ हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. मुंबईत देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती १८०२ साली. देशभरात निर्मूलनाची मोहीम सुरू झाली १९६२ मध्ये आणि ‘कोसला’ आली १९६३ मध्ये. देशातला शेवटचा रुग्ण सापडला तो १९७५ मध्ये. म्हणजे लस हाताशी असतानाही दीडशेहून अधिक वर्षं लेकरं मरत राहिली. हे समजून ती पानं पुन्हा वाचली तेव्हा पांडुरंगाच्या शोकातला संताप मला पहिल्यांदा ऐकू आला. तो नियतीवरचा नाही. घर, गाव, आपलं शिक्षण, सगळ्यांवरचा आहे.

मग पांडुरंग शिकायला जातो ते पुणंही वेगळं दिसू लागलं. स्वातंत्र्यानंतर शेतकऱ्यांची मुलं शहरातल्या वसतिगृहांत येऊ लागली. त्यांतल्या कितीजणांच्या घरात कॉलेजची पायरी आधी कुणी चढलेलं नव्हतं. वडील पैसे पाठवतात, मुलगा मेसच्या कारभारात आणि नाटकांत गुंततो, परीक्षा हातच्या जातात. होल्डन शाळेतून निघतो तो स्वतःच्याच न्यूयॉर्कमध्ये परततो, सुखवस्तू घराच्या आसपास. पांडुरंगाला परतायचं ते खेड्यात, जिथं शिकलेल्या मुलाचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नाही. या दोघांना मी एका पंगतीला कसं बसवत होतो?

आणि ती टिंगल? ज्या इतिहासात मनीची नोंदच होणार नाही, त्या इतिहासाची ती आहे, असं मला आता वाटतं.

‘कोसला’ शिकवणाऱ्यांना माझी मनापासून विनंती आहे. अस्तित्ववाद नंतर सांगा. आधी मुलांना आजी-आजोबांकडे पाठवा. आपल्या घरातलं कॉलेजात पहिल्यांदा कोण गेलं आणि देवीनं कोण गेलं, हे विचारून येऊ द्या.