पडण्याआधीचं हसू

सत्तर-ऐंशीच्या दशकात लहानाचे मोठे झालेल्या आम्हा मंडळींना टीव्ही एकट्यानं बघायचा असतो हे माहीतच नव्हतं. मजल्यावर एखाद्याच घरी तो असे, लाकडी पेटीत, सरकत्या शटरच्या आड. संध्याकाळी शटर उघडलं की दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा. पुढे सतरंजीवर पोरंटोरं, मागे खाटेवर आजी-आजोबा, दारात पदराला हात पुसत उभ्या राहिलेल्या काकू. गच्चीवर अँटेना धरून एखादा दादा उभा, आणि खालून त्याला हाका, "मुंग्या आल्या रे, अजून थोडा डावीकडे!" एवढ्या सगळ्यांना एकाच वेळी आवडेल असं फार थोडं लागायचं. आजोबांना बातम्या हव्यात, आईला नाटक, आम्हाला क्रिकेट. पण चार्ली चॅप्लिन लागला किंवा जाड्या-रड्या लागले की घरात एकमत होई.

जाड्या म्हणजे ऑलिव्हर हार्डी आणि रड्या म्हणजे स्टॅन लॉरेल, हे आम्हाला पुष्कळ पुढे कळलं. एक अमेरिकेतल्या जॉर्जियाचा, दुसरा इंग्लंडहून फ्रेड कार्नोच्या नाटकमंडळीबरोबर 1910 साली अमेरिकेला आलेला. त्याच मंडळीत चॅप्लिनही होता. हे काहीही ठाऊक नसताना ते दोघे आम्हाला घरचेच वाटायचे. तशी जोडी आपल्याकडेही होतीच. चिं. वि. जोशींचे किडकिडीत चिमणराव आणि आडदांड गुंड्याभाऊ 1940 च्या 'लग्न पहावं करून'मध्ये दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी पडद्यावर आणले होते. आमच्या वेळी मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी त्यांना पुन्हा घराघरांत आणलं. एक जाडा, एक बारीक आणि दोघांचं मिळून एकही काम धड नाही, ही गंमत आम्हाला दोन्हीकडून मिळाली.

या साऱ्यांत आमच्या पिढीच्या मनात घर करून राहिलेला लघुपट म्हणजे 'द म्युझिक बॉक्स'. कोणी तो दूरदर्शनवर पाहिला, कोणी रात्रभरासाठी भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर. 1932 चा हा अर्ध्या तासाचा बोलपट. दिग्दर्शक जेम्स पॅरट, निर्माते हॅल रोच. विनोदी लघुपटासाठीचं पहिलं ऑस्कर यालाच मिळालं. गोष्ट एका ओळीची. घोडागाडीतून आलेला पियानो एका घरी पोचवायचा आहे, आणि ते घर आहे सव्वाशेहून जास्त पायऱ्यांच्या टोकाला. लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागात तो जिना अजून आहे.

दोघे खोका उचलतात, चार पायऱ्या चढतात, थांबतात. वरून बाबागाडी घेऊन एक बाई येते. तिला वाट करून द्यायची म्हणजे खोक्यावरचा हात सोडायला हवा. तेवढ्यात आमच्या खाटेवरून आजीचा आवाज यायचा, "अरे, सोडू नको! जाईल बघ खाली!" आणि खोका निघायचा, धडधडत, आतल्या तारा झणझणवत, थेट रस्त्यावर. पुन्हा चढण. मग पोलीस येतो. मग उंच हॅटवाले एक तापट प्रोफेसरसाहेब वरून येतात आणि बाजूनं जायला साफ नकार देतात. दर वेळी काय होणार हे आम्हाला आधीच ठाऊक असे, आणि दर वेळी आम्ही त्याच्याही आधी हसायला लागत असू.

शेवटी धापा टाकत दोघे माथ्यावर पोचतात. तिथे पोस्टमन भेटतो आणि सांगतो, अहो, गाडी वरपर्यंत येते की, त्या पलीकडच्या रस्त्यानं. आता कोणी शहाणा माणूस काय करील? हे दोघे पियानो पुन्हा पायऱ्या उतरवून खाली नेतात, घोडागाडीत चढवतात आणि त्या रस्त्यानं वर आणतात. इंग्रजीचा गंध नसलेल्या आजीला ही गोष्ट कोणीतरी एकदा समजावून सांगितली. त्यानंतर पोस्टमन दिसला रे दिसला की तीच सगळ्यांना सांगायची, "आता बघा हं, आता परत खाली नेतात."

या विनोदाचं सगळं मर्म आजीच्या त्या "आता बघा हं"मध्ये आहे असं आज वाटतं. धडपडीच्या सिनेमांना पुष्कळ जण पाचकळ म्हणून मोडीत काढतात. त्यांना वाटतं, लोक माणूस पडला म्हणून हसतात. नुसत्या पडण्याला आम्ही कधीच हसलो नाही. केळीचं साल आम्हाला आधी दिसतं आणि चालणाऱ्याला दिसत नाही. साल ते पाऊल एवढ्या अंतरात हसू तयार होतं. पुढचं ठाऊक असणं आणि सगळ्यांनी मिळून त्याची वाट पाहणं, या दोन गोष्टींवर ही सारी कला उभी आहे. म्हणूनच ती दहाव्यांदा पाहूनही शिळी होत नाही. कोडं एकदा सुटलं की संपतं. इथे उत्तर पहिल्यापासून आपल्याच हातात असतं.

हार्डीचं बघणं आठवा. डोक्यावर काहीतरी पडून झालेलं आहे, कपडे चिंब आहेत. तो ओरडत नाही, लॉरेलला मारायलाही धावत नाही. मान वळवतो आणि थेट आपल्याकडे बघतो; डोळ्यांत नुसतं, "पाहिलंत ना, मला काय काय सोसावं लागतं?" बराच वेळ तो तसाच बघत राहतो. हे थांबणं मोजूनमापून ठेवलेलं होतं. त्यांचे लघुपट आधी प्रेक्षकांना दाखवून पाहिले जात. लोक कुठे आणि किती वेळ हसतात ते बघून मग काटछाट होई. संकलनात लॉरेल स्वतः लक्ष घाली. हसण्याच्या गडगडाटात पुढची गंमत बुडू नये म्हणून हार्डीची ती नजर लांबवलेली असे. म्हणजे आमच्या खोलीतल्या हास्यासाठी त्या सिनेमात मुद्दाम जागा राखलेली होती, आणि सतरंजीवरची वीस माणसं ती पुरेपूर भरत होती.

या सहजपणामागे मेहनत आणि जिवावरची जोखीम किती होती, ते मोठेपणी वाचून कळलं. बस्टर कीटनच्या 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मध्ये (1928) वादळात घराची दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि तो वरच्या खिडकीच्या पोकळीत बरोबर सापडल्यामुळे वाचतो. भिंत खरी, मणामणाची होती, आणि तिच्याखाली कीटन स्वतः उभा होता. 'सेफ्टी लास्ट'मध्ये (1923) घड्याळाच्या काट्याला लोंबकळणाऱ्या हॅरल्ड लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी 1919 सालच्या एका स्फोटात गेली होती. उणीव दिसू नये म्हणून तो खास हातमोजा घाली. आम्हाला सतरंजीवर लोळवणारी ही माणसं आपलं काम इतक्या गांभीर्यानं करत होती, या जाणिवेनं त्यांच्याविषयीचं प्रेम वाढतच जातं.

आमची पिढी कॉलेजात पोचेपर्यंत हीच रीत आपल्या मातीत छान रुजली होती. 1988 साली 'अशी ही बनवाबनवी' आला. दिग्दर्शन सचिनचं, लेखन वसंत सबनिसांचं. 1966 च्या 'बीवी और मकान' या हिंदी चित्रपटावर तो बेतलेला, पण अंगानं पुरता मराठी झालेला. लीलाबाई काळभोर यांच्या घरात साडी नेसून वावरणारी पार्वती म्हणजे परशा आहे, हे आपल्याला माहीत असतं आणि त्यांना नसतं. लक्ष्मीकांत बेर्डेचा पदर जरा ढळला की थिएटर आधीच हसायला लागे. अशोक सराफ तर हार्डीसारखाच, नुसत्या थांबण्यानं आणि बघण्यानं काम करणारा. आजही हा चित्रपट टीव्हीवर लागला की घरातलं प्रत्येक माणूस पुढचं वाक्य आधीच म्हणतं, आणि तरी जागचं उठत नाही.

आता हे सगळं मोबाइलवर मिळतं, पण तुकड्यातुकड्यांत. पियानो गडगडला, भिंत कोसळली, वीस सेकंदांत पुढचं. नातवंडं ते बघतात, हलकेच हसतात आणि बोट सरकवतात. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या वाट्याला पडणं तेवढं आलं आहे, पडण्याआधीचं वाट पाहणं कोणीतरी कापून टाकलेलं आहे. पायऱ्या चढण्याचे कष्ट पाहिल्याशिवाय पोस्टमनचं वाक्य हसवणार कसं? आणि एकट्यानं कानात बोळे घालून पाहिलं तर हार्डी आपल्याकडे बघत असतो तो वेळ नुसता रिकामा वाटणारच.

म्हणून आमच्या पिढीवर एक काम आहे असं मला मनापासून वाटतं. या सुट्टीत मुलं-नातवंडं जमली की टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर 'द म्युझिक बॉक्स' पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत लावायचा. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. शेजारच्यांनाही बोलवायचं, खोली जितकी भरलेली तितकं बरं. सुरुवातीला पोरं चुळबुळ करतील, करू द्यावी. आणि खोका दुसऱ्यांदा घसरायच्या बेतात आला की गप्प बसायचं नाही. आजीसारखं मोठ्यानं म्हणायचं, "आता बघा हं!" तिसऱ्या खेपेला ते त्या पोरांपैकीच कोणीतरी म्हणेल.