वळणाचं पाणी

पत्ता लिहिताना आम्ही सहकारनगर, पुणे लिहायचो, पण घरी येणाऱ्याला ‘आंबिल ओढ्याकाठी’ एवढं सांगितलं तरी पुरायचं. कात्रजच्या डोंगरातून निघून धनकवडी, पद्मावती करत हा ओढा दांडेकर पुलाखालून मुठेला मिळतो. माझ्या लहानपणी काठाला उंबर आणि करंज होते, खेकडे पकडायला डबकी होती. पावसाळ्यात पाणी काठावरच्या मोकळ्या जागेत चढायचं आणि यथावकाश उतरायचं. त्याला पूर म्हणावं असं कुणाच्या मनातही येत नसे. आजी फक्त वाळवणं आत घ्यायला सांगायची.

हा ओढा माणसाने वळवलेलाच आहे, हे मला बरंच उशिरा कळलं. पूर्वी तो गावातून वाहायचा. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी त्याला पर्वतीच्या पायथ्याशी वळवलं आणि तिथे तळं बांधलं. ते तळं बुजून आता तिथे सारसबाग आहे. पेशव्यांनी ओढा हलवला तेव्हा पाण्याला थांबायला जागा तरी ठेवली होती. आमच्या पिढीने तीही घेतली. मी कॉलेजात जाईपर्यंत ओढ्याचा नाला झाला आणि वासामुळे मागच्या खिडक्या कायमच्या बंद झाल्या. काठावर पार्किंग आलं, पार्किंगला भिंत आली. भिंतीपलीकडे काय आहे ते नव्या बिऱ्हाडांना ठाऊकही नसायचं.

25 सप्टेंबर 2019च्या रात्री मुसळधार पावसात ते सगळ्यांना कळलं. वरच्या टेकड्यांवर सिमेंट झालेलं, त्यामुळे मुरण्याआधीच पाणी धावत सुटलं. भिंतींनी ते थोपवलं आणि कोसळताना एकदम सोडलं. अरण्येश्वर भागात भिंत पडून माणसं गेली. पुणे शहर-जिल्ह्यात मिळून त्या रात्री वीसहून अधिक जीव गेले. आमच्या मागच्या वस्तीतल्या पोरांनी अंधारात दोर बांधून म्हाताऱ्यांना वर काढलं. उंचवटा कुठे आहे हे त्यांनाच माहीत होतं. इमारतीतल्या आम्हाला त्यांची नावंही माहीत नव्हती.

त्यानंतर ठरलेली उत्तरं आली: भिंत आणखी उंच, ओढा आणखी सरळ. जून 2021मध्ये दांडेकर पुलाजवळ त्यासाठी घरं पाडायला सुरुवात झाली, लोक रस्त्यावर उतरले आणि न्यायालयाने स्थगिती दिली. सरळ केलेल्या ओढ्यात पाण्याचा वेग वाढतो, म्हणजे वरच्यांचं संकट खालच्यांच्या दारात लवकर पोचतं. वळणं, दगड, काठची झाडी ही पाण्याची गती मोडणारी, माणसांना परवडणारी यंत्रणा आहे, आणि आपण तिलाच अडथळा समजून उपसतो.

याच्या उलटं मी सिंगापूरला पाहिलं. भाची तिथे असते; तिने बिशानच्या बागेत नेलं होतं. तिथला काँक्रीटचा 2.7 किलोमीटरचा सरळ कालवा फोडून 2012पर्यंत त्याची तीन किलोमीटरहून लांब, वळणावळणाची नदी केली. मोठा पाऊस आला की भोंगा वाजतो, फिरायला आलेले बाजूला होतात आणि नदीकाठची बाग पाण्याखाली जाते. बाग बुडावी म्हणूनच आखली आहे! आपल्याकडे बुडणाऱ्या बागेचं टेंडर कोण मंजूर करेल, हा प्रश्न वेगळा.

आमच्याकडे तेवढी ऐपत नाही आणि तेवढी जागाही नाही. वस्ती आणि इमारत मिळून आम्ही एका छोट्या पट्ट्यातला राडारोडा उपसला, उतार मोकळा केला, निर्गुडी आणि करंज लावले. पावसाळ्याआधी पुलाखालचं प्लास्टिक काढतो. कात्रजला पाऊस धरला की तिथल्या एक काकू फोन करतात; तो फोन आमच्याकडून खालच्या वस्तीत जातो. माझ्या मते आजवरच्या कामातलं सगळ्यात मोलाचं हेच, झाडं नंतर.

आता वाद मागच्या भिंतीचा आहे. ती मागे घेतली तर ओढ्याला बारा-पंधरा फूट मिळतील आणि चार गाड्यांची जागा जाईल. सभेत वस्तीतल्या मुलांनाही बोलवावं असा माझा आग्रह आहे. गाडीवाल्यांपैकी दोघे तयार झालेत. तिसरे म्हणतात, आधी रस्त्यावर पार्किंग लिहून द्या.