पाँडिचेरीला जाताय? मग एक दिवस जिंजीसाठी ठेवा

पाँडिचेरीच्या समुद्रकिनाऱ्यावर गांधीजींच्या पुतळ्याभोवती उंच, कोरीव दगडी खांब उभे आहेत. तिथे फोटो न काढता परतलेलं कुटुंब विरळाच. पण हे खांब पाँडिचेरीचे नाहीत. फ्रेंचांनी ते सुमारे ७० किलोमीटरवरच्या जिंजीहून आणले. पुढच्या वेळी जाल तेव्हा एक दिवस राखून ठेवा आणि खांबांच्या मूळ गावी जाऊन या. खर्च म्हणाल तर बसभाडं, केळीच्या पानावरचं जेवण आणि वर थोडे सुटे पैसे.

जिंजी हे तमिळनाडूच्या विळुप्पुरम जिल्ह्यातलं लहानसं गाव. जुन्या मराठी कागदांत त्याला 'चंदी' म्हटलेलं सापडतं. तिथल्या माणसांना मात्र विचारताना 'सेंजी' म्हणा, लगेच कळेल. गावात रेल्वे नाही. तिंडिवनम, विळुप्पुरम किंवा तिरुवण्णामलै, कुठेही उतरा. पुढे सरकारी बसने तासाभराचा प्रवास. किल्ला गावापासून दोन-तीन किलोमीटरवर. तिरुवण्णामलैचा रस्ता किल्ल्याच्या तटातूनच जातो, त्यामुळे हजारो प्रवासी रोज किल्ल्यातून जातात आणि खिडकीतून दगडांचे ढीग पाहून पुढे निघून जातात.

ते दगडच आधी नीट पाहा. आपल्याला सह्याद्रीच्या सरळसोट काळ्या कातळाची सवय. इथे ग्रॅनाइटचे घराएवढे गोटे एकावर एक रचल्यासारखे पडलेत. अशा तीन टेकड्या आहेत: राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग. प्रत्येक टेकडी म्हणजे स्वतंत्र किल्ला, आणि तिन्ही जोडणारा तट साधारण १३ किलोमीटरचा. वेढा घालायचा तर किती फौज लागेल, हे वर उभं राहिलं की आपोआप समजतं.

शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेत हा किल्ला आदिलशाहीकडून घेतला आणि मजबूत केला. रायगडापासून इतक्या लांबचा किल्ला कशाला, असं तेव्हा कुणाला वाटलंही असेल. त्याचं उत्तर बारा वर्षांनी मिळालं. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला आणि राजाराम महाराज वेश बदलून, जीव मुठीत धरून पन्हाळ्याहून इथवर आले. पुढची आठ वर्षं मराठ्यांची राजधानी इथे होती. झुल्फिकारखानाने १६९० मध्ये घातलेला वेढा १६९८ च्या जानेवारीपर्यंत चालला. किल्ला हाती आला तेव्हा राजाराम महाराज आधीच निसटले होते. याच धामधुमीत त्यांच्या सांगण्यावरून कृष्णाजी अनंत सभासदांनी शिवछत्रपतींची बखर इथे लिहिली. शाळेत जिचं नाव पाठ केलं, ती सभासदाची बखर या तमिळ गावातली! मला तरी हे इथे येईपर्यंत खरंच वाटत नव्हतं.

राजगिरी चढायला दीड-दोन तास लागतात. चढ दमवणारा आहे; आजी-आजोबांना आग्रह करू नका. शेवटी एक खोल भेग लागते. तिच्यावरचा पूल काढून घेतला की वरचा भाग तुटलाच. सकाळी लवकर निघा, कारण दुपारनंतर वर सोडत नाहीत. माणशी दोन लिटर पाणी घ्या आणि खाऊ पिशवीच्या तळाशी ठेवा, माकडं फार धीट आहेत. १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. उन्हाळ्यात मात्र हा बेत आखूच नका. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

ज्यांना चढायचं नाही त्यांनी खाली सावलीत रमावं. कल्याण महाल, प्रचंड धान्यकोठार, १७१७-१८ ची सादतुल्लाखानाची मशीद आणि वेंकटरमणाचं देऊळ. पाँडिचेरीचे ते खांब याच देवळातले, असं सांगतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. आपण 'आपला किल्ला' म्हणून मोठ्या उत्साहाने येतो, आणि रिक्षावाला राजारामांऐवजी देसिंगु राजाची गोष्ट सुरू करतो. हा तेजसिंग, बुंदेला राजपूत. अर्काटच्या नवाबाशी लढताना १७१४ मध्ये, जेमतेम बाविशीत मारला गेला. तमिळ कथागीतांत त्याचा जिवलग मित्र महाबतखान स्वतःच्या लग्नातून उठून त्याच्यासोबत लढायला जातो. मला आधी जरा खट्टू व्हायला झालं. मग मी रिक्षावाल्याला सांगितलं, थांबा, पुन्हा पहिल्यापासून सांगा.

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा हा. त्यामुळे आता गर्दी वाढेल. पण जवळच्या दोन-तीन जागी अजून कुणी फिरकत नाही. सिंगवरमला टेकडीच्या पोटात कोरलेला शेषशायी रंगनाथ आहे, पल्लवांच्या काळातला. विळुप्पुरमकडे जाताना मंडगपट्टूचं लेणं लागतं. विटा, लाकूड, धातू, चुना काहीही न वापरता हे देऊळ केलं, असं पहिल्या महेंद्रवर्मनने सातव्या शतकात तिथे कोरून ठेवलंय.

माझी आवडती जागा गावालगतची तिरुनादर कुन्रु. तिथे तिकीट नाही, दुकानही नाही. एका भल्यामोठ्या खडकावर चोवीस तीर्थंकर दोन ओळींत कोरलेत. जवळच एक छोटा शिलालेख आहे: चंद्रनंदी नावाच्या आचार्यांनी ५७ दिवस अन्न वर्ज्य करून इथे देह ठेवला, एवढंच त्यात लिहिलंय. तमिळमधलं 'ऐ' हे अक्षर ज्या सर्वांत जुन्या लेखांत दिसतं त्यांत हा लेख मोजतात. संध्याकाळी पाचच्या सुमारास खडक निवतो. मुलांना तिथे बसवा, तीर्थंकर मोजायला लावा. समोर राजगिरीचा माथा दिसत असतो. मग रिक्षाने स्टँडवर या. तिंडिवनमची बस धरलीत की रात्रीच्या जेवणाला पाँडिचेरीत.